देवाचा मेंढा आणि नऊशे त्रेपन्न

सिरसाळ्याहून आमच्या गावाकडं वळलं की उजव्या हाताला पहिलंच घर आबांचं. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. लोक घरावर 'मातोश्री' लिहितात, कुणी 'आईची कृपा' लिहितं. आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दारावरच्या पट्टीवर आकडा रंगवून घेतला: ६१४८८९७८२५८८४९१४११. पेंटर म्हणाला, "आबा, मोबाईल नंबर हाय का? लई लांबडा झाला की." आबा म्हणाले, "तू रंग दे. कुणाचा हाय ते माजं मी बघतो." पुढं बियाणं विकायला आलेल्या एका माणसानं त्यातले पहिले दहा अंक खरंच फिरवून पाहिले आणि नंबर लागत नाही म्हणून आबांकडंच तक्रार केली.

मी परळीत नववी-दहावीला गणित शिकवते. बावीस वर्षं झाली. माझा स्वभाव तापट आहे, आवाज मोठा आहे, आणि वर्गाबाहेर मला काय नाव पडलंय तेही मला ठाऊक आहे. ते फारसं चूक नाही. पण त्या पट्टीखालून आत जाताना माझी मान आपोआप वर होते आणि जीभ गप्प बसते. नवऱ्याला वाटतं, मला गप्प करणारी जगात तेवढी एकच वस्तू आहे.

आकडा कुठून आला ते सांगायचं तर मेंढरांपासून सुरुवात करावी लागेल.

आबा चौथी शिकलेले. जन्म सगळा मेंढरांमागं गेला. दिवस कलला की मेंढरं वाघरीत घालायची. वाघर म्हणजे खुंट्यांवर ताणलेलं जाळं. जाळ्याला एक फट ठेवायची आणि त्या फटीतून मेंढरं जोडीजोडीनं आत सोडायची. सगळ्या जोड्या गेल्या की मागं एकटा उरायचा तो देवाचा मेंढा. देवाच्या नावानं सोडलेला. त्याला कापत नाहीत, विकत नाहीत आणि कळपाच्या मोजणीत धरत नाहीत. तो एकटा मागं उरला म्हणजे कळप पुरा आहे असं समजायचं. आमच्या आजोबांची ही रीत.

आबांचा जोड्यांवर भरवसा नव्हता. दोन मेंढरं हरवली तरी जोड्या बरोबरच लागणार, मग कळणार कसं? म्हणून ते आज दोन-दोन, उद्या तीन-तीन, परवा पाच-पाच आणि तेरवा सात-सात अशी सोडायचे. रोज वेगळा घोळका, आणि रोज मागं उरायला हवा देवाचा एकच. दोन उरले, चार उरले की आबा काठी घेऊन उलट्या पावली निघायचे. यासाठी त्यांनी कळपच तसा राखला होता. बे त्रिक सहा, सहा पाचे तीस, तीस साते दोनशे दहा. दोनशे दहा मेंढरं आणि देवाचा एक. कोकरं वाढली की विकायची, कमी पडली की आणायची, पण दोनशे दहा मोडायचे नाहीत. बाकीचे मेंढपाळ हसायचे. आबांचं मेंढरू मात्र कधी दुसऱ्या दिवसापर्यंत हरवलेलं राहिलं नाही.

जो आकडा कुठल्याच सारख्या घोळक्यांत बसत नाही त्याला आबा एकांडा म्हणायचे. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. शाळेत मला मूळ संख्या शिकवल्या तेव्हा मी उभी राहून सांगितलं होतं की हे आमच्या आबांचे एकांडे आहेत, पुस्तकवाल्यांनी घेतले. सगळा वर्ग हसला. मला अजून वाटतं की माझं बरोबर होतं.

सातावर आबा थांबले नाहीत. मेंढरांमागं चालताना माणसाला दुसरं काय काम असतं? दोनशे दहाला त्यांनी अकरानं गुणलं, मग तेरानं, मग सतरानं. वहीत, पुठ्ठ्यावर, एकदा तर काठीनं तलावाच्या गाळात. चौथीतल्या गुरुजींनी त्यांच्याकडून आकड्यांची घरं घोकून घेतली होती: एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा घरं. सत्तेचाळीसपर्यंतचे पंधरा एकांडे एकमेकांत गुणून झाले तेव्हा अठरावं घर भरलं आणि आबा थांबले. मी विचारलं, "पुढं का नाही?" तर म्हणाले, "परार्धाच्या पुढं नावच न्हाई. हाक कशी मारायची त्याला?" मग त्यांनी त्या गुणाकारात देवाचा एक टाकला. दारावर आहे तो हा आकडा. त्याचा शेवटचा एक आहे ना, तो देवाचा.

आता गंमत अशी की दोन ते सत्तेचाळीसपर्यंतच्या कुठल्याही एकांड्यानं याचे घोळके करा, मागं एकच उरणार. करून बघायचीही गरज नाही. आबांनी त्यावरून ठरवूनच टाकलं की हा आकडा जगातल्या कुठल्याच घोळक्यात बसायचा नाही, देवाचा मेंढा दर वेळी मागं उरणारच. चूक होती ती. पण जन्मभर रोज दिवस मावळताना देवाचा एक मागं उरलेला पाहिलेल्या माणसाचीच चूक ती, दुसऱ्या कुणाला ती जमलीसुद्धा नसती.

आई गेली. गुडघ्यांनी दगा दिला. आबांनी कळप गावातल्याच एका मेंढपाळाला विकला, दोनशे दहाच्या दोनशे दहा. देवाचा मेंढा विकायचा नसतो, म्हणून तो आबांकडंच राहिला. पडवीच्या खांबाजवळ उभा असायचा. रोज सकाळी त्याचा जुना कळप समोरच्या रस्त्यानं जायचा आणि हा मान लांब करून ओरडायचा. कळपातूनही एखादं ओरडायचं. ते ऐकवत नसे मला. आबा वही मांडीवर घेऊन बसलेले असायचे, दारावरच्या आकड्याला त्रेपन्ननं भागत, एकोणसाठनं भागत, एकसष्टनं भागत. आकडा कशानंच जात नाही हे त्यांना स्वतःच्या हातानं बघायचं होतं.

मग डोळे. डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही, राहिलेली जपा. मी त्यांची एकुलती एक लेक. मला घोर लागला. परळीहून सिरसाळा काही लांब नाही, पण खरं सांगायचं तर तोवर मी वर्षातून चारदा आले तर आले. दिवाळी, जत्रा, आईचं वर्षश्राद्ध. शाळा, पेपर, शिकवणी. कारणं काय, पैशाला पासरी मिळतात.

"आबा, परळीला चला," मी म्हणाले. "इथं पडलात तर बघायला कुत्रं नाही."

"लेकीच्या दारात बाप चार दिस," आबा म्हणाले. "पाचव्या दिशी लोक इचारत्यात, परत कवा जानार?"

"लोक गेले खड्ड्यात!"

"आन् ह्याचं काय?" त्यांनी मेंढ्याकडं हनुवटी केली.

"त्याला सोडा त्याच्या कळपात. रोज ओरडतोय बिचारा."

"देवाचा हाय त्यो. मोजनीत येत न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "तुमच्या सगळ्या जन्मात हा एक उरला आणि तो एक उरला! आणि तुमचा दारावरचा आकडा तरी खरा आहे का? तेरापर्यंतचे सहा एकांडे गुणा, देवाचा एक टाका. तीस हजार एकतीस. त्याचे एकोणसाठ-एकोणसाठचे घोळके करा, पाचशे नऊ होतात. मागं काय उरतं सांगा!"

आबांचे ओठ हलायला लागले. पाचशे नऊला साठनं गुणलं, त्यातून पाचशे नऊ काढले. "तीस हजार एकतीस," ते म्हणाले. "बसला की ग." मला वाटलं जिंकले. तेवढ्यात म्हणाले, "पर त्यो ल्हान व्हता. ह्यो परार्धाचा हाय."

हटवादीपणा माझ्यात कुठून आलाय ते कळलं ना? शेवटी त्यांनीच पैज घातली. "ज्या दिशी ह्यो आकडा कंच्या घोळक्यात बसल आन् मागं देवाचाबी उरनार न्हाई, त्या दिशी मी तुज्याकडं येतो. कायमचा. तवर परळीचं नाव काढायचं न्हाई."

"कुठवर भागून झालंय?"

"सातशे सत्त्यान्नवपोत. फुडं दिसंना. आता तू लिही, मी सांगतो. आन् मोबाईलला इचारायचं न्हाई. त्यात काय राम? हातानं करायचं."

मी वही मागितली तर म्हणाले, "ती ऱ्हाऊ दे, पार फाटलीया. नवी आन."

सिरसाळ्याच्या स्टँडवर बसची वाट बघत बसले आणि पहिलं काम काय केलं तर मोबाईल काढला. अठरा अंक टाकले, दोनदा तपासले आणि बोट लावलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर. नऊशे त्रेपन्न. "अगं आई गं!" मी इतक्या मोठ्यांदा म्हणाले की शेजारी गाठोडं घेऊन बसलेली बाई दचकली. "काय झालं बाई, निकाल लागला का?" "लागला," मी म्हणाले. "पास?" "पास!" तिनं गाठोड्यातून काढून मला मूठभर शेंगा दिल्या.

आबा येणार होते. आठशे नऊपासून नऊशे त्रेपन्नपर्यंत एकांडे आहेत तेवीस. एका दिवसात आठ-दहा उडवले की दोन-तीन रविवारांत काम तमाम. बसमध्ये मी मनातल्या मनात मागच्या खोलीत त्यांची खाट टाकून मोकळी झाले. परळीच्या वीजकेंद्राची धुरांडी दिसायला लागली तसा माझा आनंद उतरला. मला दिसलं ते असं: आंधळा होत चाललेला म्हातारा पडवीत बसलाय, आणि ज्याच्यावर त्यानं सगळ्या आयुष्याची चाल लावली त्या आकड्याखाली त्याची लेक शून्य लिहितेय. माझ्या हातानं लिहायचं होतं ते.

पुढच्या रविवारी आबांनी आणखी एक अट घातली. "एका रविवारी एकच."

"कावून?" मी चिडून विचारलं. आबांच्या पडवीत बसले की मीही त्यांच्यासारखीच बोलते.

"कळप दिसातनं एकदाच मोजत्यात. दोनदा मोजला की नजर लागती."

म्हणजे तेवीस रविवार! नवरा म्हणाला, तुझे वडील तुझ्यापेक्षा बरे शिक्षक आहेत, तुला गृहपाठ लावून दिला. मी त्याला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही.

पहिला आठशे नऊ. मी लिहायचे, आबा डोळे मिटून बरोबर चालायचे. प्रत्येक पायरीला मी उरलेला आकडा आणि खाली घेतलेला अंक मोठ्यानं सांगायचे. किती वेळा गेले ते आबाच आधी सांगायचे. शेवटी एकोणचाळीस उरले. "न्हाई बसला," आबा म्हणाले आणि मी चहा ठेवला. मग मी जेवायचे, त्यांचे कपडे धुवायचे, बाजरीचं पीठ डब्यात भरायचे, डोळ्यांत औषध घालायचे आणि बस धरायचे. पुढच्या रविवारी आठशे अकरा.

आता मला जे वाटलं ते नीट सांगायचंय, कारण ते बावीस वर्षं शिकवूनही मला कधी वाटलं नव्हतं.

तो आकडा केवढा आहे? सेकंदाला एक या हिशेबानं मेंढरं त्या फटीतून आत सोडली, दिवसरात्र, न थांबता, तर विश्वाचं जेवढं वय सांगतात तेवढं सरेल आणि तरी मेंढरं बाहेर उभीच असतील. इतका मोठा आकडा, आणि तो आम्ही दोघं एका रविवारी शंभर पानी वहीच्या अर्ध्या पानात संपवत होतो. त्याच्यातलं एकही मेंढरू कुणी पाहिलेलं नाही. तरी आठशे नऊनं एकोणचाळीसच उरतात. अडतीस नाही, चाळीस नाही. आबा जन्मायच्या आधीही एकोणचाळीसच उरत होते, पृथ्वीवर मेंढरू नव्हतं तेव्हाही एवढेच. कुणी मोजणारं असो की नसो. अंगावर काटा आला माझ्या, पडवीत, दुपारी तीन वाजता, ताटात खरकटं तसंच असताना.

आणि तो आकडा किती गप्प! वरून बघून काहीच सांगत नाही. त्रेपन्नला विचारा, नाही म्हणतो. एकशे एकला विचारा, नाही. एकामागून एक एकशे सेहेचाळीस एकांडे त्याच्या दाराशी जाऊन परत आले. आणि मला ठाऊक होतं की एकशे सत्तेचाळीसावा जाणार आणि तो मुकाट्यानं दार उघडणार. मी फळ्यावर 'विभाज्य' आणि 'अविभाज्य' हे शब्द इतक्या वेळा लिहिलेत की खडूचे डोंगर झाले असतील. पण असा आकडा आतून भरलेला असतो, त्याच्या पोटात कुणीतरी बसलेलं असतं आणि ते बाहेरून दिसत नाही, हे मला चाळिशीनंतर, आबांच्या चटईवर बसून कळलं. घरी आल्यावर मी बाकीचे दोघेही मोबाईलला विचारून घेतले होते. तिघं एकांडे आहेत आत. नऊशे त्रेपन्न. शेहेचाळीस हजार सातशे सत्तावीस. आणि तिसरा तेरा अब्ज ऐंशी कोटी एक्क्याऐंशी लाख एक्क्याऐंशी हजार एकशे एक्क्याऐंशी. हा तिसरा मी स्वयंपाक करताना पुटपुटायचे. आमच्या जिल्ह्यात त्याचं नाव याआधी कुणी घेतलं असेल असं मला वाटत नाही. आणि तिघांतला एकही आबांच्या पंधरांतला नाही, ही आणखी नवलाची गोष्ट. असूच शकत नाही, कारण त्या पंधरांनी भागलं की एक उरतोच. आत बसलेले सगळे बाहेरचे.

रविवार सरत गेले. कापूस वेचून झाला, उसाच्या गाड्या कारखान्याकडं लागल्या, मग त्याही थांबल्या. आबांची नजर आणखी उतरली. मी दारात उभी राहिले की त्यांना माझा फक्त अंधार दिसायचा. मेंढा रोज सकाळी ओरडायचा. नऊशे सदतीस झाला, नऊशे एक्केचाळीस झाला. नऊशे सत्तेचाळीसला सातशे अठ्ठावन्न उरले आणि आबा म्हणाले, "आता फुडचा कंचा?" मी म्हणाले, "नऊशे त्रेपन्न."

तो आठवडा मला नीट झोप लागली नाही. आबा माझ्या घरी यावेत म्हणून मी देव पाण्यात घालायचे बाकी ठेवले होते. आणि आता ते येणार होते ते हरून. शुक्रवारी मी ठरवलं की आपण खोटं लिहायचं. राहू देत आबांचा आकडा. मी येत राहीन रविवारी, त्यात काय मोठंसं. तोवर मला रविवारची सवयही लागली होती.

बसलो. आबा पडवीत, मी समोर चटईवर. सहाशे चौदा, खाली घेतले आठ. "सहा येळा," आबा. चारशे तीस, खाली घेतले आठ. "चार." असं चालत गेलं. शेवटाला आले तेव्हा उरले होते सहाशे सदुसष्ट आणि वरच्या ओळीत राहिला होता फक्त एक अंक. शेवटचा एक. देवाचा.

"सहाशे सदुसष्ट," मी म्हणाले. "खाली घेतला एक. सहा हजार सहाशे एकाहत्तर."

"सात येळा," आबा म्हणाले.

"सात वेळा. सहा हजार सहाशे सत्तर. उरला..." मी आवाज मोठा केला. "उरला एक. देवाचा मेंढा. नाही बसला आबा, तुमचं खरं!"

आबा डोळे मिटून बसले होते. "सात त्रिक?" त्यांनी विचारलं.

मी वहीवर हात ठेवला.

"माय, सात त्रिक किती?"

"एकवीस."

"मंग नवशे त्रेपन्न साते कशावर सरंल? एकावर का शून्यावर?"

"एकावर."

"मंग उरलं किती?"

मला रडू आलं. मी रडत नाही फार, पण आलं. "शून्य," मी म्हणाले. "काहीच नाही उरलं आबा. बसला तो."

आबांनी हात पुढं केला, मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांना दिसत नव्हतंच. त्यांनी पानाच्या तळाशी, जिथं मी शून्य लिहायला हवं होतं तिथं बोट फिरवलं. "शाळंत पोरान्ला असंच शिकवतीस व्हय?" ते म्हणाले, पण हसत होते. मग म्हणाले, "आन् इचार कर. देवाचा त्यो एक खाली आला नसता तर?"

मी विचार केला. सहा हजार सहाशे सत्तर. नऊशे त्रेपन्न सहा वेळा, मागं नऊशे बावन्न. शेवटचा घोळका एकानं कमी पडला असता.

"एकच कमी पडत व्हता," आबा म्हणाले. "पंधरा जनांच्या कळपात त्यो उगा मागं उरायचा. ह्या कळपात त्याच्याबिगर पुरंच व्हत न्हाई. जागा व्हती त्याची. आपल्यालाच ठाव न्हवती." मग म्हणाले, "आन् ह्यो नवशे त्रेपन्न बी आपल्या पंधरांत न्हवता. पंधरा घेतलं तर सोळावा निघाला. ह्या सोळांना धरून परत गुना, देवाचा टाका, बसला तरी बसवनारा सतरावाच निघल. एकांड्यांचा कळप सरायचा न्हाई माय. कवाच न्हाई."

मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. मूळ संख्या अनंत आहेत याची सिद्धता मी कॉलेजात पाठ केलेली, पेपरात लिहिलेली, तिच्यावर पूर्ण मार्क मिळवलेले. ती मला त्या दिवशी पहिल्यांदा समजली, माझ्या चौथी शिकलेल्या बापाकडून. नमस्कार करावासा वाटला, केला. आबा म्हणाले, "पाया काय पडतीस? कपडे बांध माजे. बोली म्हंजे बोली."

दिवस कलताना त्यांचा जुना कळप रस्त्यानं परत आला. आबांनी खांबाची दोरी स्वतःच्या हातानं सोडली. मेंढा आधी हललाच नाही. मग कळपातून एक ओरडलं आणि तो असा धावला की मध्ये शिरून दिसेनासाच झाला. मेंढपाळ ओरडला, "आबा, ह्यो मोजनीत धरायचा का?" आबा म्हणाले, "धर."

आबा परळीला येऊन आता सहा महिने झाले. पाचव्या दिवशी कुणीही काही विचारलं नाही. मागच्या महिन्यात त्यांची पत्र्याची ट्रंक उन्हात टाकायला म्हणून मी उघडली. तळाशी जुनी वही सापडली. फाटलेली नव्हती. उंदरांनीही खाल्लेली नव्हती. त्रेपन्न, एकोणसाठ, एकसष्ट, एकेका पानावर एकेक भागाकार, आणि अक्षर पानागणिक मोठं होत गेलेलं. सातशे सत्त्याण्णवचं पान आलं. मी ते उलटलं.

पुढं आठशे नऊ होता. खाली एकोणचाळीस उरले होते. त्यापुढं आठशे अकरा. मग आठशे एकवीस, तेवीस, सत्तावीस, सगळे. ओळ सोडून घसरलेले, बोटाएवढे अंक, आबांचे. शेवटच्या पानावर नऊशे त्रेपन्न. सहाशे सदुसष्ट, खाली घेतलेला एक, सात वेळा. त्याखाली एक मोठं शून्य आणि त्याच्याखाली दोन रेघा. पुढची पानं कोरी.

मी ट्रंकेजवळ खालीच बसले. पैज लावली तेव्हा ते पान लिहून झालेलं होतं. लेकीच्या घरी येतो असं त्यांच्या तोंडून निघणार नव्हतं, म्हणून आबांनी हरायची पैज लावली. तीसुद्धा एका रविवारी एक अशी. वर्षातून चारदा येणाऱ्या लेकीकडून तेवीस रविवार घेतले आणि एकदाही 'ये' म्हणाले नाहीत.

आबा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. मी वही घेऊन समोर उभी राहिले. त्यांना दिसत नव्हतं, पण पानांचा आवाज त्यांनी ओळखला.

"तुमाला आधीच ठाव होतं," मी म्हणाले.

"आन् तुला न्हवतं व्हय?" आबा म्हणाले. "मोबाईलला इचारल्याबिगर ऱ्हानारी हायेस का तू? पहिल्या रविवारीच तुजा आवाज बदलला व्हता." मग म्हणाले, "शेवटाला खोटं कावून बोललीस ते मातर मला कळलं न्हवतं. मला वाटलं, तुला बाप घरात नको आसंल. घरी आल्यावर कळलं."

मी वही मिटली.

"च्या ठेव," आबा म्हणाले. "आन् आज रविवार हाय. नवी वही आन."